नाव न कोरलेला दगड

घाटातले शेवटचे वळण संपून बस धापा टाकत उभी राहते, तिथे खिंडीच्या तोंडाशी पुरुषभर उंचीचा एक करडा दगड आहे. कडा नीट तासलेल्या, पुढची बाजू हात फिरवला तर गुळगुळीत लागावी अशी. कुठल्याही खिंडीत असा दगड दिसला की त्यावर पुढच्या खोऱ्याचे नाव असणार, असे आपण धरून चालतो. यावर एक अक्षरही नाही.

उतरलेली मंडळी आधी दगडाला टेकून फोटो काढतात आणि मग फोटोखाली काय लिहायचे म्हणून नाव शोधू लागतात. मोबाइलमधला नकाशा सांगतो ‘ऑर्लाझ’. हातातल्या तिकिटावर ‘ओर्लास्का’ असते. दुकानातल्या चीजच्या वेष्टनावर ‘उर्लाख’. मग कोणीतरी दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या दुरिगकडे जाऊन विचारते, आजोबा, यातले बरोबर कुठले?

दुरिग चाळीस वर्षे या खिंडीत कॉफी आणि चीज विकतो आहे. चाळीस वर्षे त्याला दुसरा प्रश्न कोणी विचारलेला नाही. मागच्या खेपेला साताऱ्याहून आलेल्या कुंभोजकर बाईंनी, ज्यांची हयात मुलांचे शुद्धलेखन तपासण्यात गेली होती, वहीपेन काढून त्याला तोच प्रश्न तीनदा विचारला. ‘नीट तोंड उघडून म्हणून दाखवायला सांगा हो त्यांना,’ असे त्या सहलीच्या गाईडला म्हणाल्या. दुरिगने कपाळावर हात मारून घेतला, बाईंना पायरीवर बसायची खूण केली आणि गोष्ट सांगितली. गाईडने ती मराठीत करून सांगितली, ती अशी.

फार पूर्वी, म्हणे, खोऱ्याच्या नावाचा कोणाला काही त्रास नव्हता. खोऱ्यातून नदी वाहते. तिच्या एका अंगाला उन्हाकडचे गाव, दुसऱ्या अंगाला सावलीकडचे. हिवाळ्यात तीन महिने सूर्य सावलीकडच्या गावात पाऊलच टाकत नाही, म्हणून ही नावे. उन्हाकडची माणसे खोऱ्याला ओर्लास्का म्हणत, सावलीकडची उर्लाख. तोंडे वेगळी म्हणून उच्चार वेगळे, एवढेच. पुलावर भेटल्यावर एकमेकांचे बोलणे सगळ्यांना समजत होते, या गावच्या मुली त्या गावात दिल्या जात होत्या आणि कोणाचे काही अडत नव्हते.

अडले ते दगडापाशी. दोन्ही गावांनी मिळून हौसेने खिंडीत दगड उभा केला. पाथरवट आला, त्याने छिन्नी हातोडा काढला आणि साधा प्रश्न विचारला, काय कोरू? त्या प्रश्नाला सात आठवडे उत्तर मिळाले नाही. पंच बसले, उठले, पुन्हा बसले. पाथरवट सात आठवडे रोज दगड घासत राहिला, कारण दुसरे करायला काही नव्हते. म्हणून तो इतका गुळगुळीत आहे असे सांगतात. शेवटी निवाड्याला दरबारातून एक कारकून आला. त्याने दोन दिवस दोन्ही बाजू ऐकल्या. तिसऱ्या दिवशी त्याचे डोके उठले. त्याने वहीत स्वतःच्या मनचे तिसरेच काहीतरी लिहिले, ‘ऑर्लाझ’, आणि घोड्यावर बसून निघून गेला. नकाशात गेले ते हे. खोऱ्यातल्या एकाही माणसाच्या तोंडून ते कधी निघालेले नाही, आणि तुमच्या मोबाइलमध्ये नेमके तेवढेच आहे!

त्या दिवसापासून पुलाच्या दोन्ही टोकांना आडव्या फळ्या ठोकल्या गेल्या. सोयरीक थांबली. देवळाच्या घंटा नव्या करायच्या होत्या, तर त्यांची घंटा आपल्या घंटेपेक्षा मोठी नको आणि आपली त्यांच्यापेक्षा बारीक नको, म्हणून दोन्ही गावांनी एकाच ओताऱ्याकडून, एकाच साच्यात, तंतोतंत सारख्या घंटा ओतून घेतल्या. इतके एकमत त्यांचे दुसऱ्या कशावरही झाले नाही. त्या घंटांचे पुढे काम आहे.

पुलावर फळ्या पडायच्या आधी शेवटची जी मुलगी नदीपलीकडे दिली गेली तिचे नाव मेंगा. सावलीकडची लेक, उन्हाकडची सून. तिची आई नेसा म्हणजे सावलीकडच्या गावातली सर्वांत मोठ्या आवाजाची बाई. ती अंगणातून हाक मारायची तर वरच्या कुरणातली गाय मान वळवायची, असे सांगतात. आवाज जेवढा मोठा तेवढाच हट्टही. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी नव्या सूनबाईने सासरच्या देवळात, सासूच्या शेजारी उभे राहून, प्रार्थनेत ‘ओर्लास्का’ म्हटले. म्हणणार नाही तर काय करणार? ही बातमी संध्याकाळच्या आत नदी ओलांडून गेली. पुढच्या आठवड्यात मेंगा माहेरी आली तेव्हा नेसा दारात उभी होती.

‘ज्या तोंडाने आपल्या खोऱ्याचं नाव वाकडं घेतलंस, ते तोंड घेऊन या उंबऱ्याच्या आत यायचं नाही,’ ती म्हणाली.

‘अगं आई, सासू शेजारी उभी होती.’

‘आणि मी इकडे मेले होते?’

दार लागले. मेंगाला वाटले, चार दिवसांनी उघडेल. सात वर्षे उघडले नाही. मधल्या काळात मेंगाचा नवरा झाडाखाली सापडून गेला, तेव्हाही नेसाने पुलावर फळीच्या अलीकडे एक लोकरीची शाल ठेवली आणि तशीच परत गेली. मेंगाने ती शाल घेतली. आईचा राग तिला जितका येत होता, तितकीच आई हवीही होती, आणि या दोन्हींचे काय करायचे ते तिला कळत नव्हते.

आता वरच्या कुरणाचे सांगायला हवे. खोऱ्याच्या माथ्यावर दोन्ही गावांचे मिळून एकच कुरण आहे. उन्हाळाभर दोन्हीकडच्या गाई तिथे चरतात आणि एक गुराखी वर राहून दूध काढतो, चीज करतो. रोज संध्याकाळी त्याने एक काम चुकवायचे नसते. दूध गाळायचे लाकडी नरसाळे तोंडाला लावून त्याने देवाला साद घालायची. गाईंना लांडग्यापासून सांभाळ, कड्यापासून सांभाळ, विजेपासून सांभाळ, आणि शेवटी खोऱ्याचे नाव घेऊन म्हणायचे, याला सांभाळ. आवाज जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंत रात्रभर काही वाईट होत नाही, अशी श्रद्धा. खाली दोन्ही गावांत माणसे हातातले काम थांबवून ती साद ऐकतात.

जुना गुराखी वारला तेव्हा नव्याची निवड आली. उन्हाकडचा चालेल म्हणायला सावलीकडचे तयार नव्हते आणि सावलीकडचा चालेल म्हणायला उन्हाकडचे. मग कोणाच्या तरी डोक्यात आले, मेंगा दोन्हीकडची आहे. आवाजही आईचाच. विधवा आहे, पोरबाळ नाही, वर राहील. दोन्हीकडची म्हणून तिला निवडली, आणि दोन्हीकडची म्हणूनच मग तिला छळली.

पहिल्या संध्याकाळी मेंगाने नरसाळे उचलले आणि शेवटी ‘ओर्लास्काला सांभाळ’ म्हटले. दुसऱ्या सकाळी सावलीकडचे तीन पंच तीन तास चढण चढून दारात हजर. ‘मेंगे, तू आमच्या गावची लेक ना? मग जिभेला काय लकवा झाला?’ त्या संध्याकाळी तिने ‘उर्लाख’ म्हटले. दुसऱ्या सकाळी उन्हाकडचे तीन पंच हजर. ‘सूनबाई, ज्या घरात नांदलात त्या घरचं नाव घ्यायचं असतं.’ तिने एक दिवसाआड वाटून घेतले, तर रविवार कोणाचा यावर भांडण. दोन्ही नावे घेतली, तर पहिले कोणाचे यावर भांडण. शेवटचा शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटली, तर त्या दिवशी सहाच्या सहा पंच एकदम वर आले आणि त्यांना दूध-भाकरी देता देता तिचे नाकी नऊ आले. भाकरी खाताना सहाजण एकमेकांशी बोलत नव्हते. ‘यांना मीठ द्या’ हेसुद्धा मेंगाला सांगत होते.

धरले तर चावते, सोडले तर पळते. गाई खोळंबल्या, तापवलेले दूध दोनदा नासले, आणि पंचांची पावले वाजली की कुत्रेदेखील उठून भुंकेनासे झाले. महिनाभर हे चालले. मग एका सकाळी सहाजण चीज खात असताना मेंगाने हातातला झारा खाली आपटला.

‘ऐका,’ ती म्हणाली, ‘माझ्या आईने याच नावापायी मला दार लावलं. मी आता हे नाव घेणारच नाही. ना तुमचं, ना तुमचं. साद घालीन, नावापर्यंत येईन आणि थांबेन. ज्या दिवशी दोन्ही गावं आपल्या तोंडाने ते घेतील आणि मला इथे वर ऐकू येईल, त्या दिवशी पुढचं म्हणेन. तोवर देव आणि तुम्ही बघून घ्या.’

पंच हबकले. नाव न घेता साद म्हणजे झाकणाशिवाय हंडा, रात्री त्यात काय पडेल याचा नेम नाही. पण मेंगा आईचीच मुलगी होती. त्या संध्याकाळी नरसाळ्यातून आवाज आला, गाईंना सांभाळ, लेकरांना सांभाळ, आणि... पुढे नुसते थांबणे. मग ‘आमेन’सुद्धा नाही. खाली दोन्ही गावांत म्हाताऱ्या माणसांनी छातीवर क्रूस काढला. नाव मात्र कोणी घेतले नाही. आपण घेतले आणि पलीकडच्यांनी नाही घेतले, तर आपण हरलो असे होईल ना!

असे एकवीस दिवस गेले. बाविसाव्या दिवशी, अजून उन्हाळा सरलेला नसताना, दुपारीच बर्फ पडू लागले.

वर राहणे म्हणजे गाई गोठून मरणार. मेंगाने सगळ्यात शहाणी गाय पुढे घातली आणि खाली उतरायला सुरुवात केली. कुरणातून खाली यायला एकच वाट आहे, डोंगराच्या सोंडेवरून. सोंड रुंद आहे, पण तिच्या दोन्ही बाजूंना तुटलेले कडे आहेत. निम्मी सोंड उतरली आणि धुके आले. आधी गाईंच्या शेपट्या दिसेनाशा झाल्या, मग शिंगे, मग मेंगाला स्वतःचा हात दिसेना. बर्फाने पायाखालची वाट बुजवली. शहाणी गाय थांबली. मेंगा चार पावले इकडे गेली, चार तिकडे, आणि मग तिला हेही उमजेना की चढ कुठल्या अंगाला आणि कडा कुठल्या.

खाली लोकांनी ओळखले. दोन्ही गावांनी घंटा वाजवायला सुरुवात केली. पण त्या घंटा! एकाच साच्यातल्या, तंतोतंत सारख्या. मेंगाला सगळीकडून एकच टण टण ऐकू येत होते; उन्हाकडची कुठली आणि सावलीकडची कुठली, ते देवालाही कळले नसते. सारखेपणाचा एवढा सोस केला आणि गरजेच्या वेळी तो असा कामाला आला. घंटांच्या मागे मागे जात ती आणखीच भरकटली.

सादेची वेळ झाली. दुसरे काही सुचेना म्हणून मेंगाने पाठीवरचे नरसाळे सोडले आणि साद घातली. खाली घंटा थांबल्या. आवाज भलत्याच अंगाने येत होता, कड्याच्या बाजूने. ती नेहमीसारखी नावापर्यंत आली आणि थांबली.

सावलीकडच्या गावात नेसा दारात उभी होती. मेंगा कुरणात गेल्यापासून ती रोज संध्याकाळी तिथेच उभी राहून लेकीचा आवाज ऐकत असे, आणि कोणी आले की काठी शोधत असल्याचे सोंग करीत असे. तिने आवाजाची दिशा ओळखली. लेक कड्यावर आहे. ती तशीच, पायात काही न घालता, बर्फातून गावाच्या टोकापर्यंत धावली आणि छाती फुटेल अशी ओरडली, ‘उर्लाऽऽख!’

तिला लेकीला एवढेच सांगायचे होते की मी इथे आहे. पण सात वर्षांच्या हट्टाने तोंडात दुसरा शब्दच ठेवला नव्हता. तिचे ऐकून शेजारचे ओरडले, मग सगळा गाव ओरडला. नदीपलीकडे उन्हाकडच्यांनी हे ऐकले आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ‘पोरगी तिकडे मरणाच्या दारात, आणि यांना आपल्या नावाची पडली आहे!’ असे म्हणून त्यांनी काय करावे? छाती भरून घेतली आणि सगळ्या गावाने मिळून आरोळी ठोकली, ‘ओर्लास्काऽऽ!’

वर मेंगाने हे ऐकले आणि तिला रडूच फुटले. भीतीने नाही, वैतागाने. ‘मी इथे मरतेय,’ ती गाईला म्हणाली, ‘आणि यांचं अजून तेच चाललंय!’ शहाण्या गाईने नाक फुरफुरवले. मेंगाने डोळे पुसले आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आले की दोन्ही आवाज आपल्या पाठीमागून येत आहेत.

गाव पाठीमागे, म्हणजे पुढे कडा. तिने हातातली काठी पुढे टेकवून पाहिली. काठी कशालाच लागली नाही.

ती सावकाश वळली. वळत राहिली, जोवर उर्लाख डाव्या कानात आणि ओर्लास्का उजव्या कानात येत नाही तोवर. डावीकडे माहेर, उजवीकडे सासर, मधे सोंड. उर्लाख मोठे झाले की उजवीकडे सरकायचे, ओर्लास्का मोठे झाले की डावीकडे. तिने शहाण्या गाईच्या शिंगाला हात लावला आणि चालू लागली. बाकीच्या गाई घुंगरांच्या आवाजामागून निघाल्या. दोन्ही गावे एकच नाव ओरडली असती, तर त्या दिवशी मेंगा घंटांच्या वेळी होती तशीच हरवलेली राहिली असती.

दोन तास लागले, म्हणतात. उन्हाकडचे थांबले नाहीत, कारण सावलीकडचे थांबत नव्हते; आणि सावलीकडचे थांबले नाहीत, कारण नेसा थांबत नव्हती. माणसे आळीपाळीने पाणी पिऊन येत. नेसा कुठे गेली नाही. तिच्या ओरडण्याची किंकाळी झाली, किंकाळीची खरखर झाली, तरी ती ओरडतच होती.

दिवेलागणीला मेंगा धुक्यातून पुलापाशी बाहेर पडली. मागे गाई, एकही कमी नाही. कोणीतरी कुऱ्हाडीने पुलावरच्या फळ्या तोडल्या. कुठल्या गावाने आधी तोडल्या, ते विचारू नये. त्यावरही दोन मते आहेत. मेंगा पुलाच्या मध्यावर आली आणि पलीकडून नेसा आली, रक्ताळलेल्या पायांनी.

‘आई,’ मेंगा म्हणाली.

नेसाने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी म्हटले. ओठ हलले, सगळ्यांनी पाहिले. आवाज मात्र आला नाही. तो गेलाच होता, आणि पुढे अकरा वर्षे ती जगली तरी परत आला नाही. ती काय म्हणाली? सावलीकडचे म्हणतात, तिने खोऱ्याचे नाव घेतले, आपल्या पद्धतीने. उन्हाकडचे शपथेवर सांगतात की ओठ ‘ओर्लास्का’ असेच हलले, लेकीसाठी तिने तेवढे केले. मेंगाला पुष्कळांनी विचारले. तिने कधी कोणाला सांगितले नाही. नेसाच्या घराचे दार मात्र त्या रात्रीपासून पुन्हा लागले नाही.

आता तरी दगडाचा प्रश्न सुटायला हवा होता की नाही? बर्फ वितळल्यावर पंच दगडापाशी जमले, पाथरवटाला पुन्हा बोलावले. उन्हाकडचे म्हणाले, नेसाबाईने जीव ओतला, तुमचेच नाव कोरा. सावलीकडचे म्हणाले, छे छे, तुम्ही दोन तास घसा फोडलात, तुमचेच कोरा. तुमचे, नाही तुमचे, असे करता करता आवाज चढले आणि दुपारपर्यंत दोन पंचांनी एकमेकांच्या गळपट्ट्या धरल्या. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. मेंगा वाट काढत मधे शिरली, पाथरवटाच्या हातातली छिन्नी घेतली, त्याच्या पिशवीत घातली आणि पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली.

‘घरी जा दादा,’ ती म्हणाली. ‘सात आठवडे घासलास, तेवढं पुरे झालं.’

दुरिगची गोष्ट इथे संपते. कुंभोजकर बाईंनी सगळे नीट ऐकून घेतले, दोनदा डोळेही पुसले, आणि मग वही उघडून म्हणाल्या, ‘ते सगळं ठीक आहे हो. पण बरोबर कुठलं?’

दुरिगने आकाशाकडे पाहिले. मग हात धरून बाईंना दगडाच्या बाजूला, जिथून सगळे खोरे दिसते तिथे नेऊन उभे केले, आणि तोंडावर बोट ठेवले.

आजही उन्हाळ्यात रोज संध्याकाळी वरच्या कुरणातून नरसाळ्यातली साद येते. लांडग्यापासून सांभाळ, कड्यापासून सांभाळ, विजेपासून सांभाळ, असे म्हणत गुराखी नावापर्यंत येतो आणि थांबतो. मग डाव्या अंगाने, दारादारांतून, उर्लाख अशी आरोळी उठते आणि उजव्या अंगाने ओर्लास्का. दोन्ही गावे त्वेषाने ओरडतात, अजूनही एकमेकांवर चिडल्यासारखी. ओरडून झाले की कोणी लगेच दार लावून घेत नाही. एक श्वासभर दोन्ही गावे गप्प उभी राहतात. लहान मुलेसुद्धा त्या वेळी आवाज न काढता नुसते ओठ हलवतात. तो नेसाचा उच्चार, आणि तेवढ्या एकावर या खोऱ्यात आजवर कोणी भांडलेले नाही.